रिकाम्या घरात सून आणली

आमच्या भाच्याचा निकाह गेल्या जानेवारीत झाला. नागोठण्याच्या बाजूला एका कारखान्यात तो प्रयोगशाळेत कामाला आहे. बायकोला घेऊन राहायचं तर जवळपास घर हवं, म्हणून त्याने पालीला दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्याने घेतला. पहिलं घर, पहिला संसार. ते घर लावताना जे झालं, ते या महिन्याच्या सदरात लिहावं असं आम्ही दोघांनी ठरवलं. घरात काय घ्यावं आणि काय घेऊ नये हे त्यात आहेच. पण ते कोणाच्या पैशाने घ्यावं, हा प्रश्न त्याआधीचा आहे, आणि आमच्या समाजात तोच नेमका टाळला जातो.

निकाहाच्या दीड महिना आधी मुलीचे वडील आमच्याकडे रोह्याला आले. एस.टी.तून निवृत्त झालेले, सरळ गृहस्थ. खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यांनी आमच्यासमोर ठेवला. सोफा, डबल बेड, गाद्या, ड्रेसिंग टेबल, तीन दारी कपाट, फ्रीज, वॉशिंग मशीन, मिक्सर, डिनर सेट. बेरीज होती दोन लाख चाळीस हजार. म्हणाले, "मामू, एवढं बघून घ्या. काही राहिलं असेल तर मोकळेपणाने सांगा. मुलीला रिकाम्या हाताने पाठवणार नाही."

आम्ही विचारलं, "भाईसाहेब, पैसे कुठून आणणार?"

ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हिच्या बांगड्या ठेवल्या की निम्मे होतात. बाकीचं हप्त्यावर."

आम्ही लगेच आपांना फोन लावला. आपा म्हणजे आमची थोरली बहीण, मुलाची आई. त्या म्हणाल्या, "आम्ही एक पैसा मागितलेला नाही. त्यांच्या मुलीला काय द्यायचं ते त्यांनी त्यांच्या खुशीने द्यावं."

हे वाक्य आमच्या ओळखीचं होतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी आमच्याच लग्नात, आमच्याच घरातून ते उच्चारलं गेलं होतं. तेव्हा आमच्यापैकी एकीच्या वडिलांनी लोखंडी कपाट, पलंग आणि शिलाई मशीन दिलं. आमच्यापैकी दुसऱ्याने ते टेम्पोतून उतरवून घेतलं आणि शेजाऱ्यांना दाखवलं. त्या सामानाचे हप्ते अब्बा चार वर्षं फेडत होते, हे आम्हाला त्यांच्या इंतकालानंतर एका जुन्या वहीतून कळलं. मागितलं नव्हतं हे खरं. पण नकोही म्हटलं नव्हतं. न मागणाऱ्याच्या गप्प बसण्याचा अर्थ मुलीच्या बापाला बरोबर कळतो.

घर मांडायचं कोणी?

शरीयतचा या बाबतीतला नियम सरळ आहे. बायकोचं खाणं, कपडा आणि राहण्याची जागा हा नफका आहे, आणि तो नवऱ्याच्या जिम्म्यावर आहे. आपल्या कोकणात जो शाफई फिकह चालतो, त्यातही हेच आहे. घर लावून देणं मुलीच्या बापावर कुठेच लादलेलं नाही.

मग "जहेज-ए-फातिमा"चं काय, असं आपांनी विचारलंच. हजरत फातिमा यांना निकाहाच्या वेळी एक चादर, पाण्याची मशक आणि गवत भरलेली चामड्याची उशी दिल्याचं हदीसमध्ये येतं. पण हजरत अली यांनी मेहरसाठी आपलं चिलखत दिलं होतं, हेही रिवायतींत आहे. शिवाय हजरत अली लहानपणापासून पैगंबर साहेबांच्याच घरात वाढले होते. त्यांचा वेगळा संसार मांडून देणारं मोठं माणूस तेच होते. चादर, मशक आणि उशी या तीन गोष्टींच्या आधारावर तीन दारी कपाट आणि वॉशिंग मशीन उभं करणं बरं नव्हे.

देशाचा कायदाही सांगून ठेवतो, कारण पुष्कळ घरांत तो अर्धाच माहीत असतो. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा आहे. हुंडा घेणं आणि देणं दोन्ही गुन्हे आहेत. शिक्षा कमीत कमी पाच वर्षांची आहे. मेहर मात्र हुंड्याच्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलेला आहे. न मागता दिलेल्या भेटवस्तू चालतात, पण मुलीकडच्यांनी दिलेल्या वस्तू रिवाजाप्रमाणे असाव्यात आणि देणाऱ्याच्या ऐपतीच्या मानाने अवाजवी नसाव्यात, असंही त्यात म्हटलं आहे. बांगड्या गहाण टाकून दिलेली भेट ऐपतीत कशी बसेल?

आपा आमच्यावर चिडल्या. "तुम्हाला शहाणपण सुचतं आहे तुमचं सगळं घेऊन झाल्यावर. उद्या लोक म्हणतील, रिकाम्या घरात सून आणली. ते मला ऐकावं लागेल, तुम्हाला नाही." त्यांचं पहिलं वाक्य खरं होतं, म्हणून आम्हाला त्याला उत्तर देता आलं नाही.

निकाल शेवटी मुलीनेच लावला. तिने वडिलांना सांगितलं, "माझं शिलाई मशीन मी घेऊन जाणार. ते मी माझ्या कमाईतून घेतलं आहे. आजीची तांब्याची हंडी द्या आणि अम्मीने शिवलेल्या दोन गोधड्या द्या. बांगड्यांना हात लावाल तर मी त्या घरात त्या सोफ्यावर बसणार नाही."

व्याह्यांनी कागदाची घडी घालून तो परत खिशात ठेवला. आम्हाला वाटलं त्यांना हायसं वाटेल. पण त्यांचे डोळे भरून आले होते. बापाचा देण्याचा आनंदही आपण काढून घेतो आहोत, हे आम्हाला त्या वेळी समजलं नव्हतं. तुमच्या घरात अशी वेळ आली तर नकार देताना हे ध्यानात असू द्या. पुढे हंडीला कल्हई करून आणण्याचं काम आम्ही मुद्दाम त्यांच्याकडेच दिलं. नातीच्या लग्नासारख्या उत्साहाने त्यांनी ते केलं.

मेहर वेगळा, भांडी वेगळी

भाच्याकडे एक लाख एक्केचाळीस हजार रुपये साठले होते. तो म्हणाला, "मामू, मेहर एक्कावन्न हजार ठरला आहे. मी तेवढ्याचं सामान घेतो, घरातच राहील. चालेल ना?"

चालणार नाही, असं आम्ही सांगितलं. मेहर बायकोचा हक्क आहे. फ्रीज दोघांचा असतो, मेहर एकटीचा असतो. तो तिच्या हातात किंवा तिच्या खात्यात गेला पाहिजे. मग तिने त्याचं काय करायचं ते तिचं ती ठरवील. निकाहाच्या दिवशीच ते पैसे तिच्या खात्यात गेले. घरासाठी राहिले नव्वद हजार. भाड्याची अनामत त्याने आधीच भरली होती.

घर बघताना

पाली म्हणजे सुधागड तालुक्याचं ठिकाण. वर सरसगड, गावात बल्लाळेश्वराचं मंदिर, जवळून वाहणारी आंबा नदी. घर मिळायला तीन आठवडे लागले. दोन ठिकाणी नाव विचारल्यावर खोली "कालच दिली" असं कळलं. तिसऱ्या ठिकाणी एक निवृत्त गुरुजी भेटले. त्यांनी नाव विचारलं आणि लगेच पुढे विचारलं, "पाणी जपून वापराल ना?" घर मिळालं.

गुरुजींनीच पहिल्या मजल्याची खोली घ्या असं सुचवलं. १९८९ च्या जुलैत आंबेला महापूर आला आणि जांभूळपाड्यात हाहाकार उडाला, तो त्यांनी पाहिला होता. नदीकाठच्या गावात तळमजला घेताना पूर कुठवर आला होता हे जुन्या माणसांना विचारावं.

करार तोंडी ठेवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. हा कागद गॅसच्या जोडणीसाठी, बँकेत पत्ता बदलण्यासाठी लागतोच. घरात आधीपासून असलेले पंखे, नळ, दिवे, गीझर यांची यादी करारालाच जोडून घ्यावी आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवावेत.

सामान आत नेण्याआधी दोन कामं करून घ्यावीत. एक, इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग तपासून घ्यावं. आपल्याकडच्या पावसात भिंती ओल धरतात. अर्थिंग नसेल तर फ्रीजला हात लावला की झटका बसतो. मीटरजवळ ३० मिलीअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवलेला असेल तर गळती होताच वीज आपोआप तुटते. गीझरसाठी १६ अँपिअरचं वेगळं सॉकेट हवं. ६ अँपिअरच्या सॉकेटला जुगाड करून जोडू नये. दुसरं काम, पाऊस कोणत्या बाजूने झोडपतो ते शेजाऱ्यांना विचारावं. त्या भिंतीला कपाट आणि पलंग लावायचा नाही.

पहिल्या दिवशी काय हवं?

आम्ही भाच्याला आणि सूनबाईंना एक कागद दिला आणि त्यावर तीन रकाने पाडायला सांगितले. पहिल्या रात्री जे लागणार ते पहिल्या रकान्यात. महिनाभरात ज्याच्यावाचून अडेल ते दुसऱ्यात. बाकी सगळं तिसऱ्यात, आणि तिसऱ्या रकान्यातलं सहा महिने घ्यायचं नाही.

पहिल्या रकान्यात सर्वांत वर गॅस. घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरची अनामत २,२०० रुपये आणि रेग्युलेटरची २५० रुपये. शेगडी दोन बर्नरची, आय.एस.आय. शिक्क्याची. नारिंगी रंगाची सुरक्षा नळी घ्यावी आणि ती पाच वर्षांनी बदलावी. शेगडी ओट्यावर, सिलिंडर खाली आणि उभा. सिलिंडर घेताना त्याच्या वरच्या पट्टीवर ए, बी, सी किंवा डी हे अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे पाहावेत. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. तेव्हा त्या सिलिंडरची पुढची तपासणी करायची असते. ती तारीख उलटून गेली असेल तर सिलिंडर परत करावा. पत्त्याचा पुरावा हातात नसलेल्यांना ओळखपत्रावर ५ किलोचा छोटा सिलिंडर मिळतो; दोन माणसांचं काही दिवस त्यावर भागतं. गॅसवर सगळं मिळून सहा हजार शंभर रुपये गेले.

भांड्यांची यादी सूनबाईंनी केली आणि ती आम्हाला फार आवडली. तीन आणि पाच लिटरचे दोन कुकर नकोत, पाच लिटरचा एकच, त्यावर आय.एस. २३४७ लिहिलेलं हवं. जाड बुडाचे तीन टोप, एकात एक बसणारे. एक लोखंडी कढई. तांदळाच्या भाकरीसाठी लोखंडी तवा आणि परात. पोळपाट-लाटणं, सांडशी, दोन उलथणी, एक झारा, चाळणी, विळी, एक चांगली सुरी, खलबत्ता. सहा ताटं, सहा वाट्या, सहा पेले. सुकट-बोंबलासाठी घट्ट झाकणाचे दोन डबे, कारण एका सुकटीचा वास सगळ्या फडताळाला लागतो. मिक्सर नाही, तो आहेरात येणार हे तिने ओळखलं होतं, आणि दोन आले. भांड्यांवर साडेसात हजार रुपये गेले.

नॉनस्टिकचा तवा घेण्याचा आपांचा आग्रह होता. लोखंडी तवा दोन पिढ्या चालतो, नॉनस्टिकचा थर काही वर्षांत खरवडून जातो, एवढंच आम्ही म्हणालो. लोखंडी तवा नवा असताना घासून, तेल चोळून, मंद आचेवर दोन-तीनदा तापवावा. मग भाकरी चिकटत नाही. पावसाळ्यात धुऊन तसाच ठेवला तर गंजतो. पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवावा.

झोपण्यासाठी पलंग घेतला नाही. काथ्याच्या दोन गाद्या, दोन उशा आणि चादरी घेतल्या, सहा हजारांत. कापसाची गादी आपल्या पावसात ओल ओढून घेते आणि चार महिने ऊन दिसत नाही. काथ्याची त्या मानाने टिकते. दिवसा भिंतीला लावली की त्याच खोलीत पाहुणे बसतात, नमाज होते, दस्तरखान अंथरता येतं.

दोन पंख्यांना पाच हजार सहाशे लागले. साध्या पंख्यापेक्षा हे महाग पडले, पण जुना पंखा ७० ते ७५ वॅट वीज खातो आणि बी.एल.डी.सी. पंखा ३० ते ३५. रोज बारा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला साधारण १५ युनिट वाचतात. बादल्या, झाडू, पोछा, दोऱ्या, दिवे आणि एक चार्जिंगचा कंदील यांना तीन हजार दोनशे. कंदील चैन नाही. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ ज्यांनी रायगडात भोगलं, त्यांना अंधारात काढलेल्या रात्री आठवत असतील.

पाण्याचं यंत्र

पालीला नदीचं पाणी येतं आणि पावसाळ्यात ते गढूळ होतं. भाचा आर.ओ. घ्यायला निघाला होता, सतरा हजारांचा. प्रयोगशाळेत काम करतो, तरी घरच्या पाण्याचं मोजमाप करायचं त्याला सुचलं नव्हतं. आम्ही म्हटलं, आधी पाणी मोज. विरघळलेले क्षार, म्हणजे टी.डी.एस., लिटरला शंभर मिलिग्रॅमच्या आत निघाले. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंतचं पाणी चांगलं मानलेलं आहे. आर.ओ.चं खरं काम क्षार काढण्याचं असतं. क्षार नसतील तर आर.ओ. नुसतंच बरंचसं पाणी मोरीत सोडून देतं. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये कमी क्षारांच्या पाण्याला आर.ओ. नको असंच म्हटलं. पालीच्या पाण्यात त्रास गाळाचा आणि जंतूंचा. त्यासाठी गाळ अडवणारी बाहेरची गाळणी आणि आत यू.व्ही. पुरेसं होतं, दोन्ही मिळून सात हजारांत आलं. गाळणीची कांडी पावसाळ्यात महिन्याला धुवावी लागते. वीज नसेल त्या दिवशी पाणी उकळावं. पाण्याला चांगली उकळी फुटू द्यावी, नुसतं कोमट करून उपयोग नाही.

इथवर पहिला रकाना संपला. बेरीज पस्तीस हजार चारशे.

सामान नेण्याचा दिवस मात्र आम्ही चुकवला. नेमकी माघी गणेश जयंतीची जत्रा. गावात पाय ठेवायला जागा नव्हती. टेम्पो बाहेरच अडकून पडला. गुरुजींनी दोन मुलं पाठवली आणि गोधड्या, हंडी, शिलाई मशीन डोक्यावरून घरात गेलं. विळी आणि तवा राहिला होता, तो सूनबाईंनी संध्याकाळी जत्रेतल्या दुकानातून घेतला.

आमची चूक

दुसऱ्या रकान्यात दोनच गोष्टी होत्या. रमजान जवळ आला होता, म्हणून फ्रीज घेतला. एक दाराचा, दोन माणसांना पुरेसा, साडेसोळा हजारांचा. फ्रीज घेताना नुसते तारे मोजू नयेत; लेबलवर वर्षाला किती युनिट लागतात ते छापलेलं असतं, दोन फ्रीजचे ते आकडे शेजारी ठेवून पाहावेत. आणि एक घडीचं टेबल, चार खुर्च्या, साडेचार हजारांत.

तिसऱ्या रकान्यात कपाट होतं. सहा महिने थांबायचं हा नियम आमचाच, आणि तो मोडला आम्हीच. ईदला आपा पहिल्यांदा मुलाच्या घरी राहायला जाणार होत्या. कपडे दोरीवर आणि पेटीत बघून त्या काय म्हणतील, या धास्तीने आम्ही भाच्याला घाई केली. एका दुकानात पांढरं, आरसा लावलेलं, दोन दारी कपाट साडेनऊ हजारांत मिळालं. लाकडासारखं दिसत होतं. आत काय आहे ते आम्ही विचारलं नाही.

जुलैत दारं लागेनाशी झाली. खालची फळी फुगून पावासारखी झाली आणि तिचा भुगा हातात यायला लागला. ते लाकूड नव्हतंच. भुसा दाबून केलेली फळी, वर चकचकीत कागद. कोरड्या गावात ते चालतं, कोकणच्या पावसात एक पावसाळा काढत नाही. मागच्या भिंतीला चिकटवून ठेवल्यामुळे आतल्या कपड्यांना बुरशी आली. त्यात सूनबाईंचा निकाहाचा दुपट्टा होता.

म्हणून हे नीट लिहितो. लाकडी काम करायचं तर सुताराला प्लायवूडवरचा शिक्का दाखवायला सांगा. आय.एस. ७१० हा मरीन प्लायचा शिक्का. ओट्याखाली आणि मोरीजवळ तोच हवा. पैसे कमी असतील तर जुनं लोखंडी कपाट घ्या. गंज घासून, रंग मारून ते पंचवीस वर्षं सहज चालतं. कोणतंही कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे आणि जमिनीपासून विटेएवढं वर ठेवा, म्हणजे मागून हवा खेळते. पावसाळ्यात आत कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवा आणि उघडीप मिळेल त्या दिवशी दारं उघडी टाका.

भाच्याने साडेपाच हजारांत जुनं लोखंडी कपाट घेतलं. घाई केली नसती तर आधीचे साडेनऊ हजार वाचले असते. सगळा खर्च एकाहत्तर हजार चारशे झाला, आणि अठरा हजार सहाशे शिल्लक राहिले.

ऑगस्टमध्ये सूनबाईंना डेंग्यू झाला. तीन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. बिल त्या शिलकीतूनच भरलं. कोणाकडे हात पसरावा लागला नाही. आपा तेव्हा आठ दिवस पालीला राहिल्या. निघताना त्यांनी आम्हाला फोन केला. सोफ्याचा विषय त्यांनी काढला नाही. म्हणाल्या, "तुझ्या भाच्याला भाकरी थापता येते. मला माहीतच नव्हतं."

यादी लिहून ठेवा

शेवटी एक काम सांगतो. त्याला पैसा लागत नाही. लग्नात जे जे आलं, त्याची यादी करा. १९८५ च्या नियमांप्रमाणे लग्नाच्या वेळीच ती लेखी करायची असते: वस्तू, तिची अंदाजे किंमत, कोणी दिली, त्याचं नातं काय, आणि खाली वधू-वर दोघांच्या सह्या. वधूला मिळालेल्या वस्तूंची वेगळी, वराला मिळालेल्यांची वेगळी. मुस्लिम महिला (घटस्फोटानंतरच्या हक्कांचे संरक्षण) कायदा १९८६ प्रमाणेही तिला लग्नाआधी, लग्नात किंवा नंतर मिळालेलं सामान तिचंच राहतं. नव्या जोडप्यासमोर असला विषय काढणं अभद्र वाटतं. पण निकाहनाम्यावर मेहर लिहिताना आपल्याला अभद्र वाटत नाही. हाही तसाच एक कागद आहे. उद्या आग, पूर, चोरी झाली तरी तो उपयोगी पडतो.

आमच्या सूनबाईंची यादी जुन्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे. पहिल्या ओळीत शिलाई मशीन, आणि "कोणी दिलं" या रकान्यात तिने "मी स्वतः" असं लिहिलं आहे. खाली भिंतीवरची पाच घड्याळं, तीन डिनर सेट, दोन मिक्सर. वाचकांनो, आहेर करण्याआधी एक फोन करून "काय राहिलं आहे?" एवढं विचारत जा. आम्ही चौघा भावंडांनी मिळून काही द्यायचं ठरवलं होतं. विचारल्यावर त्यांनी वॉशिंग मशीन नको, घराच्या भाड्याची दोन महिन्यांची रक्कम द्या असं सांगितलं. देताना आम्हाला ते फार कोरडं वाटलं होतं. पण खरी गरज तीच होती.

ज्यांच्या घरी येत्या मोसमात निकाह आहे, त्यांनी मुला-मुलीला समोरासमोर बसवून हा तीन रकान्यांचा कागद करून पाहावा. काय घ्यायचं यावर त्यांचं भांडण झालं तर होऊ द्यावं. सामान येण्याआधी झालेलं बरं. तुमच्या घरी पहिला संसार कसा मांडला गेला, काय फसलं, कोणती वस्तू अजून चालते आहे, ते आम्हाला कळवा. पुढच्या महिन्यात तुमच्या पत्रांतल्या गोष्टी इथे देऊ. अल्लाह सर्वांच्या घरात बरकत देवो.